इक्बालचा न सुटणारा हात

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या बाजारात बोंबील निवडत होतो. हाताला वास तसाच घेऊन त्याच्या घरी पोहोचलो... तिथे जो तो एकच सांगत होता, "ईदला इक्बालभाईंनी हात हातात घेतला की सोडायचेच नाहीत. काय जीव होता माणसांवर." मीही मान हलवली. ते आता दुरुस्त करायला हवं. जीव होताच, पण हात सुटत नव्हता तो आजारामुळे.

न्हावा शेवा बंदराच्या गेटवर तो कारकून होता. शिक्का मारला की मूठ उघडायला वेळ लागायचा. ट्रकवाले ओरडायचे, "चाचा, शिक्का घरी नेताय का?" "बेगमला दाखवून आणतो," हा म्हणायचा. चारपाचदा उघडझाप केली की बोटं मोकळी व्हायची. मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केलं, त्या संध्याकाळी चहा पिताना त्याने मला सगळं समजावलं. "मसलब्लाइंड नावाचं एक प्रथिन असतं. ते आरएनएला धरतं आणि त्यातला कुठला तुकडा ठेवायचा, कुठला गाळायचा ते ठरवतं. बाळाचे स्नायू मोठ्या माणसाचे होतात ते त्याच्यामुळे."

"मग तुझ्यात ते प्रथिन बनत नाही?"

"बनतं ना, दत्ता. त्याचं जनुक ठणठणीत आहे. दुसऱ्याच एका जनुकाचा आरएनए वाढून लांबलचक झालाय, मसलब्लाइंड सगळं त्यालाच अडकून बसतं. गेटवरचे सगळे चेकर त्या एकाच ट्रेलरला चिकटलेत, बाकीच्या गाड्या तपासणार कोण? म्हणून स्नायू आवळतो, सैल होत नाही. हृदयाचे ठोकेही चुकतात." एवढं बोलून त्याने माझ्या बशीतली खारी उचलली आणि मुठीत तिचा चुरा झाला... दोघंही पोट धरून हसलो.

हा आजार मुलात उतरू शकतो, म्हणून तपासणी करून घे असा तो मुलाच्या, सलीमच्या मागे लागला होता. सलीमची मूठही अडकायची. एकदा माझ्यासमोर विषय निघाला. "अब्बा, तुमचं बघून सवय लागलीय," सलीम म्हणाला. मी म्हटलं, "सोड रे इक्बाल, धडधाकट पोरगा आहे. लग्नाच्या तोंडावर कशाला?" तेवढ्यावर सलीमने विषय मिटवला. इक्बाल माझ्याकडे नुसता बघत राहिला... ते बघणं मला अजून छळतं.

परवा इक्बालच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सलीमने दारातच माझा हात धरला. बोटं सुटेनात. शेजारी म्हणाले, "अगदी बापावर गेलाय."

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "म्हणूनच तपासायला हवं. तेव्हा माझं चुकलं, सलीम. उद्या माझ्याबरोबर चल, ईसीजी काढू."

"येतो काका. आधी हात तर सोडा."

खाली बघितलं. त्याची बोटं केव्हाच सुटली होती. धरून मीच उभा होतो.