चार मिनिटं दहा सेकंद

मला स्टॉपवॉचची भीती वाटते. हसा खुशाल. पाल, विमान, डॉक्टरची सुई, कशाचं काही वाटत नाही. पण मुलाच्या शाळेत शर्यतीच्या वेळी पीटीच्या बाईंनी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं की मी तोंड फिरवते. ही भीती मला कॉलेजनं दिली, आणि तीही अगदी चांगल्या हेतूनं.

आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. बाबा विशीत असताना नागपूरकडून पुण्याला आले आणि स्कूटरचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कार्ब्युरेटर जोडायच्या लाइनवर लागले. तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. मी इंजिनिअरिंगला गेले ती इंडस्ट्रियल शाखेत. त्या काळात कुठल्याही शाखेला जा, शेवटी कॉम्प्युटरसमोरच बसायचं, अशी हवा होती. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी कॉलेजात डुलक्या काढायची आणि संध्याकाळी सदाशिव पेठेत प्रोग्रॅमिंगच्या क्लासला टक्क जागी असायची. कारखाना कसा चालतो याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला एक नवीन सर आले. आदल्या वर्षापर्यंत ते स्वतः कारखान्यात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक मिटवून टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाले, "ज्यांना नोट्स हव्या असतील त्यांनी बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत जावं. तिथे त्या ढिगानं मिळतात. इथे काम बघायचं." मग प्रत्येकाच्या गळ्यात त्यांनी एकेक स्टॉपवॉच अडकवलं.

चार आठवडे फळ्याला खडू लागला नाही. अर्धा वर्ग बाकांवर रांगेनं बसून बॉलपेन जोडायचा, उरलेला अर्धा मागे उभा राहून वेळ मोजायचा. कुणाचा डावा हात नुसता बसून आहे, कोण उगाच वाकतंय, रीफिल कुठे ठेवली तर हात कमी फिरेल, हे आम्ही एकमेकांना सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला वेड लागलं होतं. घरी आई भाकरी थापायला बसली तरी मी घड्याळ दाबायची. आई म्हणायची, "मोज बाई मोज. उद्यापासून तूच थाप."

शेवटी सरांनी खरं काम दिलं. प्रत्येकानं एका खऱ्या कामगाराचं काम बघायचं, मोजायचं, लिहायचं. लेखी परीक्षा नाही. कारखान्यांतली माणसं कॉलेजात येणार, वह्या वाचणार आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार. एक अट मात्र होती. वहीच्या पहिल्या पानावर 'हात कोणाचे' असं लिहून त्याखाली तो माणूस कोण, कुठे काम करतो आणि तुमचा कोण लागतो ते लिहायचं. "ज्याच्या कामावर तुम्ही मार्क मिळवणार, त्याला आधी मान द्या," सर म्हणाले. मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

मुलं काका-मामांच्या ओळखीनं कारखान्यांत शिरली. मला तीन गेटांवरून परत पाठवलं. मुलींना आत परवानगी नाही म्हणे. मी घरी येऊन रडले, आणि बाबा रविवारी जुन्या बाजारात जाऊन एक भंगारातला कार्ब्युरेटर घेऊन आले. रॉकेलमध्ये बुडवून चकचकीत केला, सुटा केला आणि बुद्धाच्या तसबिरीखाली वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडले. "लाव घड्याळ," म्हणाले.

मी बाबांना काम करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डावा हात स्क्रू बसवतोय तोवर उजवा पुढचा भाग उचलून तयार. दोन्ही हात एकदम, कुठे थांबणं नाही. बारीक स्प्रिंग धरायला त्यांनी सायकलची तार वाकवून आकडा केलेला. आमच्या पुस्तकात जे जे करावं म्हणून सांगितलं होतं ते सातवी शिकलेला हा माणूस करत होता. चार मिनिटं दहा सेकंद. पुन्हा लावलं. चार आठ. पुन्हा, चार बारा.

"कंपनीत किती लागतात?"

"नऊ."

"अरे बाप्पा! नऊ काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते हसले. "घड्याळवाला मागं उभा राहिला का हात जड करा लागते, पोरी. नाही त चारच मिनिटं देतीन. मंग त्या दोघांचं कसं होईन?"

ते दोघे मला माहीत होते. बाबांच्या लाइनवर सहा माणसं. एकाची दोन बोटं प्रेसखाली गेलेली, एकाला जवळचं नीट दिसत नव्हतं. त्या दोघांचे भाग बाकीचे चौघे गुपचूप जोडायचे. वाचलेला वेळ त्यातच जायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि सहांपैकी कुणी बाहेर अवाक्षर काढलं नव्हतं. बाबांनी ते मला सांगितलं, कारण मी त्यांची मुलगी होते.

आणि मी ते ऐकूनही वहीत खरा आकडा लिहिला! कॉलेजची वही कॉलेजातच राहते असं मला वाटलं. वडिलांच्या हातांचा अभिमान तर एवढा, की कधी एकदा सगळ्यांना दाखवते असं झालेलं. पहिल्या पानावर कंपनीचं नाव, लाइन, खाली ठळक अक्षरांत 'माझे वडील'. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शेवटी निष्कर्ष लिहायचा असतो. मी लिहिला : 'सहा जणांचं हे काम तीन जणांत होऊ शकतं.' पट्टीनं अधोरेखित केलं.

सरांनी वही वाचली आणि "बरं आहे" म्हणाले. पुण्यात याहून मोठा हार कुणी घालत नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर पाहुण्यांची यादी लागली. तिसरं नाव बाबांच्या कंपनीतल्या कामाच्या वेळा ठरवणाऱ्या खात्याच्या साहेबांचं होतं. म्हणजे बाबांचा घड्याळवाला.

त्याच महिन्यात कंपनीत स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या निघत होत्या. स्वेच्छा आपली नावाला. शेजारच्या लाइनवरची दोन माणसं आधीच घरी बसली होती, आणि बाबा रोज जेवताना सांगायचे, आज कोणाला आत बोलावलं, आज कोणाला.

मी धावत सरांकडे गेले. "सर, वही परत मिळेल का? एक चूक राहिलीय."

"मग उत्तमच. चुकांवरच प्रश्न विचारायचेत. वह्या काल पाहुण्यांकडे गेल्या."

पाहुणे यायला आठ दिवस होते. बाबांना सांगावं असं दर संध्याकाळी ठरवायची. ते दारात चपला काढायचे, विचारायचे, "काय म्हणते आमची इंजिनिअर?" आणि मी ताटं मांडायला आत पळायची. काय सांगणार होते? बाबा, तुमचं आणि आणखी पाच जणांचं मी लिहून दिलंय, अक्षर सुंदर आहे, म्हणून?

तो दिवस आला. साहेब गृहस्थ बारीक, चष्मा लावलेले, आवाज मऊ. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी माझी वही उघडली.

"चार मिनिटं दहा सेकंद. आमच्याकडे नऊ लागतात. हे कसं?"

"सर, माझं चुकलं. मधेच चुकून बटण दाबलं गेलं. काटा शून्यावर आला. मी तिथून पुढचंच मोजलं."

"तीनही वेळा?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. "हो सर, तीनही वेळा."

आता सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी कपाटातून एक कार्ब्युरेटर काढला, सुटा करून माझ्यापुढे मांडला आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः जोडून दाखवा." घड्याळ त्यांनीच हातात घेतलं.

मी घरी बाबांकडून शिकले होते. सात मिनिटांच्या आत जोडत होते. तेव्हा मी मनाशी घोकलं, हात जड, हात जड. पण घोकायची गरजच नव्हती. स्प्रिंग दोनदा उडाली, एकदा तर साहेबांच्या बुटाशी जाऊन पडली. त्यांनी ती उचलून दिली. साडेनऊ मिनिटं लागली.

"नऊ मिनिटंच बरोबर असावीत," सर कोरडेपणानं म्हणाले आणि त्यांनी माझ्या नावापुढे काठावर पास होण्याइतके मार्क लिहिले. ते कारखान्यातून आलेले. त्यांना सगळं कळलं असणार, असं मला आज वाटतं.

साहेबांनी वही मिटवली, बॅगेत टाकली. परत दिली नाही. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "वडिलांना नमस्कार सांगा."

मी तो नमस्कार कधीच सांगितला नाही. वर्षभर भीत राहिले. बाबा यायची वेळ झाली की गॅलरीत उभी राहून त्यांची चाल बघायची, खांदे पडलेत का, हातात कागद आहे का. ते त्या काळात अबोल झाले होते, माझी नजर चुकवायचे. मला खात्री पटली की त्यांना कळलंय आणि ते मला माफ करू शकत नाहीत. मीही त्यांच्यासमोर बसायचं टाळू लागले. लाइन मात्र चालू राहिली. सहाच्या सहा माणसं राहिली. मी सॉफ्टवेअरमध्ये लागले, बाबा यथावकाश रिटायर झाले.

मग मागच्या वर्षी एका दुपारी माझा मुलगा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून खेळत होता. मी एकदम त्याच्या हातून तो काढून घेतला. बाबा बघत होते. म्हणाले, "तुलेही भेव वाटते?"

"तुलेही म्हणजे?"

त्यांनी नातवाला बाहेर खेळायला पाठवलं. "तो साहेब आला होता माझ्या टेबलाशी. तुझी वही होती हातात. इचारलं, हे चार मिनिटं खरे आहेत का? सहाही जण थांबले नं काम करायचे."

"मग?"

"मंग काय. म्या म्हटलं, साहेब, पोरगी आहे आमची, पण डोकं नाही तिले. घड्याळही धरता येत नाही." ते माझ्याकडे वळले. "अख्ख्या लाइनीसमोर म्हटलं. त्या दिवसापासून मले तुह्या तोंडाकडं पाहाची हिंमत नाही झाली."