उस्तादाची रिकामी खुर्ची

माझा धाकटा भाऊ चाव्या करतो. बाजारातले लोक त्याला उस्ताद म्हणतात, ते काही उगाच नाही. कुठलंही कुलूप आणा, तार घालून, कान लावून दोन मिनिटांत उघडणार. अट एकच, मालक समोर हवा. मालक नसेल तर कुणी कितीही गयावया करो, हा हात लावणार नाही. असा तत्त्वाचा माणूस! आणि घरी? दारूची बाटली मी मोरीत ओतून दिली की नवी आणायचा, म्हणून मी ती कपाटात कुलूप लावून ठेवायला लागले, तर माझ्या डोळ्यांदेखत कुलूप उघडायचा. वर म्हणायचा, "ताई, मालकीण समोर आहे की!" आता यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

बायको मुलीला घेऊन गेली तेव्हाही तो हसतच होता. पण मागच्या महिन्यात रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यातल्या खाटेवरून तो पहिल्यांदाच म्हणाला, "ताई, एकट्याने जमत नाही गं." डॉक्टर म्हणाले, "दारू सोडलेली माणसं जिथे जमतात, तिथे घेऊन जा. या खेपेला सुटली नाही, तर पुढची खेप मिळेल याची खात्री नाही."

घेऊन जा म्हणे! कुठे? ही माणसं दारावर पाटी लावत नाहीत. मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर दिवसभर शंभर माणसांशी हुज्जत घालते, पण हे विचारताना माझी जीभ उचलेना. डॉक्टरांनी दिलेल्या पत्त्यावर गेले, तर तिथे आता टायरचं दुकान. कुणीतरी सांगितलं म्हणून दुसरीकडे गेले. दहाबारा माणसं गोल करून बसलेली. मी खुर्चीत टेकले आणि भावाचं सगळं रामायण सांगून मोकळी झाले, रडलेसुद्धा. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "ताई, आम्ही पाण्याच्या टाकीसाठी जमलोय." मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जिना उतरताना त्यांच्यातलाच एक शिंपी मागून आला. खालच्या आवाजात म्हणाला, "रविवारी सकाळी दहा. शाळेमागची खोली. किल्ली माझ्याकडेच असते."

रविवारी भाऊ न पिता उठला. दाढी करताना दोनदा कापलं. स्वच्छ शर्ट घातला. हत्यारांची पिशवी मात्र खांद्याला होतीच, ती सोडून तो कुठे जात नाही. वाटेत दोनदा थांबला, दोन्ही वेळा मी काही बोलले नाही. माझ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

शाळेमागे सातआठ जण उभे होते आणि शिंपी दारापाशी घामाघूम. किल्ली कुलपातच मोडलेली, निम्मी आत, निम्मी हातात. "वीस वर्षांत असं झालं नव्हतं," तो म्हणत होता.

मीच बोलले. हो, मीच! माझ्या जिभेला हाड नाही. "अहो, माझा भाऊ उस्ताद आहे उस्ताद! दोन मिनिटांत उघडेल."

सगळे बाजूला झाले. भावाने सवयीने विचारलं, "मालक कोण?" शिंप्याने हात वर केला. भावाने पिशवीतून बारीक चिमटा काढला, गुडघ्यावर बसला आणि त्याचा हात थरथरायला लागला. चिमटा कुलपाच्या तोंडाला लागेना. एकदा खाली पडला, मग पुन्हा पडला. त्या माणसांना काय झालंय ते कळत होतं, एकही हसला नाही. एक म्हातारा म्हणाला, "राहू दे बाळा, आपण पायऱ्यांवरच बसू."

पण उस्ताद तो! कान लालबुंद झाले होते. "पाच मिनिटं थांबा," म्हणाला आणि गल्लीच्या कोपऱ्याकडे गेला. मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. मी मागे धावले, "अरे, नको रे! मरू दे ते कुलूप!" त्याने वळून पाहिलं नाही.

पाच नाही, दहा मिनिटांनी आला. हात एकदम स्थिर. मोडका तुकडा अलगद ओढून काढला, दार उघडलं, बिजागरीला तेलाचा थेंबही सोडला. तोंडाचा वास माझ्यापर्यंत येत होता.

"चल आत," मी म्हटलं.

"असा कसा येऊ?"

"अहो, पिऊन आलेल्यालाही बसता येतं," शिंपी म्हणाला. "आज बोलायचं नाही, एवढंच. मी पहिले तीन रविवार तसाच बसलो होतो."

मी भावाचा दंड धरून ओढला. लहानपणी शाळेत न्यायला ओढायचे, तसाच. पण तो हलला नाही. पायरीवर बसला, मोडक्या तुकड्यावरून कानशीने नवी चावी घासायला घेतली. "पुढच्या वेळी अडायला नको यांचं. तू बस आत, ताई. ऐक नीट आणि मला सांग."

मी आत गेले. दुसरं काय करणार होते? शिंप्याने दाराजवळची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवली, दारही अर्धं उघडं ठेवलं. एकेक जण बोलत होता. माझं अर्धं लक्ष बाहेर, कानस घासल्याच्या आवाजाकडे. मग माझी पाळी आली. लॉन्ड्रीत कुणाला बोलू न देणारी मी, मला शब्द सुचेना.

"माझा भाऊ बाहेर बसलाय," एवढंच मी म्हटलं.

कानशीचा आवाज केव्हाच थांबला होता.