जिन्याजवळचा लाल थेंब

मे महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम टँकरच्या पाण्याची, नऊ हजार सहाशे. हजर बारा घरांतले अकरा जण आणि जिन्याखालच्या बाकावर माझे वडील.

आमच्या बोईसरच्या इमारतीत यंदा टँकरचा खर्च मीटरप्रमाणे वाटायचा ठरला. सेक्रेटरीबाई शाळेत चित्रकला शिकवतात. आकड्यांचा कागद कोणी वाचत नाही, म्हणून त्यांनी जिन्याजवळ तक्ता लावला. प्रत्येक घराचा एक थेंब. बाकीचे निळे, हसरे. आमचा लाल, पोट सुटलेला. शेजारच्या घराचे आठशे, आमचे सोळाशे. आकडे बरोबर होते.

तळमजल्यावरच्या नवापूरच्या मावशी म्हणाल्या, "काय दादा, घरात दर्या हाय का तुमच्या?"

सगळे हसले. माझे कान तापले. मी खिशातली सहा इंची पट्टी काढून थेंब मोजला. "पाणी दुप्पट आहे. थेंब मात्र उंचीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट काढलाय. म्हणजे बघणाऱ्याला चौपट दिसतो." बाईंना ते पटलं. बदलते म्हणाल्या.

आमच्याकडे पाणी का लागतं ते मी सांगितलं नाही. ऑपरेशननंतर वडिलांना लघवी आवरत नाही. रोज दोन-तीनदा चादरी धुवाव्या लागतात. ते सांगायची मला लाज वाटली. थेंबाचं क्षेत्रफळ सांगणं सोपं होतं.

दोन दिवसांनी बाईंनी साधे चौकटीतले आकडे लावले. त्यापुढे कोणी थांबलंसुद्धा नाही. मला वाटलं, विषय मिटला.

वडिलांच्या उशाशी तांब्या मात्र संध्याकाळीही भरलेलाच असायचा. बायकोने दोनदा सांगितलं. म्हातारपणी भूक-तहान मंदावते, असं मी म्हणालो. पुढच्या शुक्रवारी ते न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसले. सलाइन लावल्यावर मी विचारलं, पाणी का पीत नव्हतात?

"कमी प्यालो तर चादरी कमी भिजतील," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तो लाल थेंब माझाच होता ना रे?"

मी म्हणालो, तो कागद काढलाय, बाबा. "हो, बघितलं मी," ते म्हणाले. नव्या कागदावरचा आकडा त्यांना आठवत नव्हता. लाल थेंबाचं पोट त्यांनी मला बोटाने चादरीवर काढून दाखवलं.

डॉक्टरांना दोन हजार शंभर दिले. टँकरचे सोळाशे सेक्रेटरीबाईंच्या हातात दिले आणि तेव्हा कुठे त्यांना कारण सांगितलं.