खोट्या तोफांची शिवण

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या हाताखाली मी शिवण शिकले, म्हणून सांगते, त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. आमच्या कारखान्यात तोफा शिवतात. हसू नका. रबरी कापडाच्या असतात. पंख्याने हवा भरली की खऱ्यासारखी तोफ उभी राहते. त्या सीमेवर ओळीने मांडायच्या. शत्रूने खऱ्या समजून त्यांच्यावर बॉम्ब टाकावेत आणि खऱ्या तोफा दुसरीकडे सुखरूप राहाव्यात, एवढाच त्यांचा उपयोग. शिवणीला एक चुणी पडली तरी जाऊबाई अख्खी नळी उसवायला लावत. "शत्रू काय आंधळा आहे का गं?" म्हणत.

मग त्यांचा मुलगा, आमचा ढब्बू, सैन्यात गेला आणि त्याचा फोन आला. "आई, काळजी करू नकोस. मला खोट्या तोफांवर नेमलंय. तुझ्याच असतील त्या."

घरात सगळे खूश. तोफाच खोट्या, मग भीती कसली, असं भावोजी म्हणाले. जाऊबाई मात्र भरल्या ताटावरून उठल्या. तोफा खोट्या चालतात, पण माणसं खरीच लागतात हो. कोणी हिंडताना दिसलं नाही, दोरीवर कपडे वाळताना दिसले नाहीत, तर शत्रूला संशय येतो. म्हणून बॉम्ब पडावा अशा जागी मुद्दाम पोरं ठेवायची. हे धोरण कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोणास ठाऊक. त्याचा मुलगा काही तिथे नसणार.

बदली माग म्हटलं तर ढब्बू ऐकेना. "बाकीच्यांना आया नाहीत का?" म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई वाईट शिवायला लागल्या. टाका सैल, नळी जराशी वाकडी. मी विचारलं तर म्हणाल्या, "खोट्या आहेत हे कळू दे त्यांना. म्हणजे त्या जागेचा नाद सोडतील." तपासणारे साहेब त्यांचं काम डोळे मिटून पास करत. मग मीही तशाच शिवल्या, आणि मला त्याची काडीची लाज नाही.

काही महिन्यांनी साहेब आमच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. वाटलं, गेली दोघींची नोकरी. पण स्वारी खुशीत होती. शत्रूची विमानं हल्ली त्या जागेकडे फिरकतसुद्धा नाहीत म्हणे. तिथलं सगळं खोटं आहे, हे त्यांनी ओळखलंय.

"मग आता?" जाऊबाईंनी विचारलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"मग वरच्यांनी डोकं लढवलं. खऱ्या तोफा तिथेच नेऊन ठेवल्या, तुमच्या वाकड्यांच्या मधोमध. शत्रूला स्वप्नातही संशय यायचा नाही. कुठे बोलू नका बरं."

"आणि तिथली पोरं?"

"आहेत की. आता तर जास्त लागतील."

जाऊबाईंनी हातातली सुई तेवढी खाली ठेवली.

आता सगळ्यांनी वाकडंच शिवायचं, असा वरून हुकूम आहे. नव्या मुलींना शिकवायचं काम जाऊबाईंकडे दिलंय. त्या रांगेतून फिरतात आणि कुठे सरळ शिवण दिसली की उसवायला लावतात. "वाकडी कर गं," म्हणतात, "नीट वाकडी कर. एक जरी सरळ गेली, तर माझा ढब्बू जाईल."