आईची साडी आणि बादलीमावशी

कापड घेऊन कुणी दारात आलं, की मावशी आधी कापडाकडे बघायच्याच नाहीत, बघायच्या बादलीकडे. नवं असो, जुनं असो, पाण्यातून निघाल्याशिवाय त्याला सुई लागणार नाही, हा त्यांचा कायदा. म्हणून लोणावळ्याच्या आमच्या चाळीत त्यांचं नाव बादलीमावशी पडलं. माहेर जवळच्या भाजे गावचं, नवरा रेल्वेत. गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हट्टातही नव्हतं.

"नवं कापड लय लबाड, पोरी," त्या मला सांगायच्या. "शिवताना गप ऱ्हातं. पयल्या धुण्यात आकसतं, रंग सोडतं, मंग आख्खी गोधडी वाकडी." एकदा माझ्या नवऱ्याने सूटचं कापड त्यांना नुसतं दाखवायला नेलं. हा चहा पिईपर्यंत बाईंनी ते भिजत घातलंसुद्धा! सूट शेवटी धाकट्या दिरांच्या मापाचा बेतावा लागला. मावशींना त्याचं काही नाही. "आधीच आकसलं ते बरं झालं," म्हणाल्या.

माझी आई गेली तेव्हा मला पाचवा महिना होता. येणाऱ्या बाळाला आईच्याच साडीची गोधडी हवी, एवढं एकच खूळ माझ्या डोक्यात बसलं. ती रोज नेसायची ती सुती साडी घेऊन मी मावशींकडे गेले. त्यांनी सवयीने बादली पुढे ओढली, आणि मी साडी छातीशी घट्ट धरली. तिला आईचा वास होता. खोबरेलाचा, पावडरीचा, आणि आईचा म्हणून जो असतो तो.

"ही धुवायची नाही, मावशी."

"खळ हाय तिला. बाळाला टोचंल."

"टोचू दे!"

काय बोलून गेले मी! मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग मी शिवायची न्हाई." मीही तरातरा निघून आले. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. साडी उशाशी घेऊन मी झोपायची आणि मावशींचा राग राग करायची. मेलीला काळीजच नाही, असंही मनातल्या मनात म्हणून घेतलं.

मग एका सकाळी त्याच आमच्याकडे आल्या. मी तोंड फिरवलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी न्हाई धूत. आईचं कापड लेकीनंच धुवावं. माज्या आईचं लुगडं मी बी तसंच ठिवलं व्हतं, पोरी. पेटीत घालून. वास उडून गेला, आन् लुगड्याला कसर लागली. काईच ऱ्हायलं न्हाई."

मी उठून साडी घेतली आणि मोरीत स्टुलावर बसले. मावशी तांब्याने पाणी ओतत राहिल्या आणि मी साडी चोळत राहिले. पहिल्या पाण्याबरोबर वास एकदम भरभरून आला, आणि गेला. मी हमसून हमसून रडले. मावशींनी मला गप्प केलं नाही. "रडून घे आत्ताच," म्हणाल्या, "बाळंतिणीनं रडू न्हाई." आणि स्वतः मात्र पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

गोधडी वेळेवर झाली. माझी लेक तिच्यावरच पालथी पडली, रांगली, तापात तीच अंगावर घेऊन झोपली. मावशी काही वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, तरी भेटायला येणाऱ्याचा पदर चाचपून "नवी का गं? भिजवलीस?" असं विचारायच्या. त्या गेल्या तेव्हा मला दुसऱ्यांदा पोरकं झाल्यासारखं वाटलं.

यंदा लेक शिकायला नागपूरला निघाली. तिची बॅग भरायची म्हणून मी गोधडी धुवायला काढली, तर तिने ती माझ्या हातातून ओढूनच घेतली. "धुवू नकोस ना, आई. तुझा वास आहे तिला."

मी बादली बाजूला सारली. मग गोधडीची घडी घातली आणि तशीच बॅगेत ठेवली.

"वास गेला की धू हो," मी म्हटलं. "आणि धुशील तेव्हा मला फोन कर."