ड्रॅगनचा दुसरा डोळा

परवा रोहा स्टेशनावर पॉपकॉर्नचा खारट वास आला आणि पेणच्या थेटरातली ती दुपार आठवली. माझा डावा डोळा लहानपणीच गेलेला, वाचायच्या नावानं तर आनंदच. कारखान्यात मी पॉलिश पेपरनं गणपती घासायचो तेव्हा पोरगी शेजारी बसून एक जाडं पुस्तक वाचून दाखवायची. त्यातला ड्रॅगन एका डोळ्याचा, तरी अख्ख्या राज्याला भारी. "बाबा, तुमच्यासारखाच हाय," म्हणायची. त्याचा पिक्चर लागला तशी मला ओढतच घेऊन गेली. पडद्यावर ड्रॅगन आला तो दोन टपोऱ्या डोळ्यांचा! पोरगी रडायलाच लागली. "बाबा, त्यांना सांगा ना, चुकलाय म्हणून." मी येडा खरंच उठलो आणि दारावरच्या माणसाला सांगितलं. तो माझ्या तोंडाकडं बघून हसला. "काका, काणा ड्रॅगन बघायला तिकीट कोण काढंल?" परत येऊन मी पोरीला म्हटलं, "गो, त्यानं ऑपरेशन केलं असंल." ती म्हणाली, "मंग तुमचं का नाय केलं?" शेवटपर्यंत ती मान खाली घालून बसली. मी मात्र एका डोळ्यानं सगळा पिक्चर बघितला. आज तिला स्वतःची पोर हाय, पण मला तो पिक्चर लय आवडला होता, हे अजून तिला सांगायची हिंमत होत नाय.