नदीपलीकडचा उंबरा

आमच्या गावात म्हशीसुद्धा तोफ वाजल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. खोटं वाटत असेल तर रविवारी या. शेजारच्या लष्करी तळावरचा सराव बंद असतो आणि अख्खं गाव कोरा चहा पितं. हादऱ्यांनी आमच्या देव्हाऱ्यातला गणपती दरवर्षी वीतभर सरकतो. सध्या तो चुलीपाशी पोचलाय.

खरं गाव नदीपलीकडे होतं. सरावाच्या मैदानासाठी ते उठवलं. माणसं अलीकडे आली, देवी तिकडेच राहिली. वर्षातून एक दिवस आत जायची परवानगी मिळते. देवीपुढे नारळ फोडायचा, मग ज्यानं त्यानं आपल्या घराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावायचं. घरं नाहीतच. वेड्या बाभळीत उंबऱ्यांचे दगड तेवढे उरलेत.

आमचा उंबरा वडील दरवर्षी दाखवायचे आणि मी दरवर्षी भलतीकडेच बघत असायचो. तरी जुन्या गावाचा इतिहास सगळ्यांना मीच सांगतो. आमच्या ओसरीला हत्ती बांधायचे, हेही त्यातच येतं.

यंदा आत्या म्हणाली, "डोळं तर गेलं. पुढच्या साली मी हाय का न्हाई. एकदा माहेरच्या उंबऱ्यावर डोकं टेकायचंय. तुला ठावं हाय ना रं?"

"आत्या, डोळे बांधून नेतो की!"

"मंग दोगंबी आंधळं. चल."

भर दुपार होती. एवढी माणसं, पण मोठ्यानं कुणी बोलेना. जो तो आपल्या दगडाशी कुजबुजत होता. बाया नसलेल्या दारांतून वाकून आत जात होत्या. तासभर हिंडून मी हळद न लागलेला एक दगड गाठला आणि म्हणालो, "आलं घर."

आत्यानं तो दोन्ही हातांनी चाचपला. हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

"आपल्या उंबऱ्याला डाव्या अंगाला खाच हुती," ती हळूच म्हणाली. "माझा बाप कुऱ्हाड घासायचा तिथं."

ओसरीला हत्ती बांधणाऱ्या मला ही खाच ठाऊक नव्हती. "चुकलो, आत्या. ऊठ, शोधू."

"ऱ्हाऊ दे. हितलं कुनी आलं न्हाई यंदा. आपल्यालाबी कुनी चुकून लावलं आसंल."

आत्या वाकून आत जाऊन बसली, मी बाजूनं वळसा घालून गेलो. परतायची शिट्टी झाली. आत्या उठली, वाकली आणि उंबरा ओलांडून बाहेर आली. "वाक रं," ती म्हणाली. मी हसलो आणि ताठ निघालो.

कपाळाला खाडकन काहीतरी लागलं. वर नुसतं आभाळ होतं. टेंगूळ चार दिवस होतं, आणि त्यात मी एका दिवसाचीही भर घातलेली नाही.